तात्पर्य नको म्हणणाऱ्या बाई

“तात्पर्य घरी ठेवून या!” असं म्हणत बाई वर्गात शिरायच्या आणि खडू टेबलावर असा आपटायच्या की त्याचे दोन तुकडे व्हायचे. तुम्हीही रागीट मास्तर पुष्कळ पाहिले असतील. कोणी गोंगाट झाला म्हणून चिडतं, कोणी घरचा राग शाळेत काढतं. आमच्या बाई कवितेची बाजू घेऊन चिडायच्या. कविता संपली की ‘यावरून आपण काय शिकलो’ हे लिहायची आम्हाला पहिलीपासून सवय. त्या सवयीचा त्यांना भारी संताप.

पन्नास सालच्या पुढेमागे कल्याणच्या आमच्या शाळेत अकरावीला दोन प्रकारचं इंग्रजी होतं. एक साधं, अर्ज-पत्र लिहिण्यापुरतं. दुसरं वरचं, त्यात कविता, नाटक, निबंध सगळं. “इंग्रज गेला, आता त्याची भाषा कशाला उरावर घेता?” असं शेजारचे काका वडिलांना विचारत. वरचं घेणारे आम्ही सहाजण, पाच मुलगे आणि मी. वडिलांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, “वरच्या इंग्रजीत पास झालीस तर कॉलेज. नाहीतर स्थळं बघायला लागतो.”

बाई शहाडहून पायी येत. टांगेवाल्याने आपण होऊन टांगा थांबवला तर त्याच्यावरही डाफरत, “मला पाय नाहीत का?” त्यांच्या घरी कोण होतं हे आम्हाला कधी कळलं नाही. विचारायची छाती कोणाची?

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी एका मुलाला उभं करून कवितेचा बोध विचारला. तो बिचारा तोंड उघडणार एवढ्यात बाईच म्हणाल्या, “बोध मी शिकवत नाही. कविता विचारा, म्हणून दाखवील.” साहेब गोरेमोरे झाले. हेडमास्तरांनी घाईघाईने त्यांना चहाला नेलं. आम्ही आठवडाभर त्या आठवणीने हसत होतो. हेडमास्तर मात्र हसले नव्हते.

पूर्वपरीक्षेचे पेपर त्या वर्षी हेडमास्तरांनी स्वतः तपासायला घेतले. एका राजाने आपला लाडका घोडा दान दिला, अशी कविता होती. औदार्यावर लिहिणं अपेक्षित होतं. मी लिहिलं, राजाचं कौतुक सगळे करतात, पण घोड्याला कोणी विचारलं नाही. बाईंनी वर्गात हे ऐकलं असतं तर आणखी एक खडू मोडला असता, खुशीने.

हेडमास्तरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं आणि माझं उत्तर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सगळे हसले. मी खाली मान घालून उभी. आजही ते हसू आठवलं की माझ्या कानशिलांतून वाफा निघतात.

“हसायला काय झालं?” बाई कोपऱ्यातून कडाडल्या. “अख्ख्या शाळेत एका पोरीने डोकं चालवलंय!”

“बाई, मला शाळेचा निकाल बघायचाय,” हेडमास्तर म्हणाले. “सहाच्या सहा नापास आहेत. यांचे बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म साध्या इंग्रजीचे जातील.”

“तसं असेल तर माझा राजीनामा घ्या.”

आमच्या शाळेत राजीनामा ही नवलाची गोष्ट नव्हती. बाई तो वर्षातून दोनदा देत. मग हेडमास्तर शिपायाला चहा आणायला पाठवत आणि कप रिकामे होईपर्यंत सगळं निवळे. त्या दिवशी त्यांनी चहा मागवला नाही. कोरा कागद पुढे सरकवला. बाईंनी क्षणभर त्या कागदाकडे पाहिलं आणि उभ्या उभ्या सही केली.

वरचं इंग्रजी शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. वर्ग बंद झाला.

हेडमास्तरांचा मला राग आला. पण खरं सांगते, त्याहून जास्त बाईंचा आला. त्यांनी तोंड सोडलं आणि भोगलं आम्ही. दोन दिवस थांबून, गोड बोलून, हातापाया पडून काही करता आलं नसतं? घोड्याला कोणी विचारलं नाही असं मी लिहिलं, पण मला तरी कोणी विचारलं?

रविवारी बाई आमच्या घरी आल्या. मी स्वयंपाकघराला आतून कडी घातली.

“तिला म्हणावं, मी इथे येऊन शिकवीन,” बाई आईला सांगत होत्या. “परीक्षेसाठी नाही, नुसतं.”

“सांग त्यांना, मला नाही शिकायचं!” मी आतूनच ओरडले.

आई ओशाळली. “मनावर घेऊ नका हो बाई. पोर चिडलीय.”

“चिडू दे. तिचं बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. “मी गप्प बसायला हवं होतं.”

आईने त्यांना पाणी दिलं. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, मग चपलांचा. उठावं, दार उघडावं असं वाटत होतं. पण मी हट्टाने बसून राहिले. कडी काढली तेव्हा अंगणात कोणी नव्हतं.

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. पत्रिका पाठवायला बाईंचा पत्ता शाळेत कोणाकडेच नव्हता.