ओसरीचा खांब

देवापुढे डोळे मिटून शांत बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. आमची आत्या मात्र येरझाऱ्या घालत प्रार्थना करायची. पदर खोचलेला, हातात पळी, आणि ओसरीतून चुलीकडे, चुलीकडून ओसरीत. मधेच ओसरीच्या लाकडी खांबाशी थांबायची, बोटांनी टकटक करायची आणि विचारायची, "निघतोस का आता?"

पोखर्णी हे नृसिंहाचं गाव. तेव्हा खांबात कोण, हे तिथे कुणी विचारत नसे. आत्या पाळणे रचायची. बारसं ठरलं की बाया तिच्याकडे यायच्या आणि ती त्या बाळापुरता नवा पाळणा करायची. एकाचा पाळणा दुसऱ्याला म्हणायचा नाही, हा तिचा हट्ट. आणि शब्द जुळवायचे नाहीत, देवाकडे मागायचे, हा दुसरा. मागितल्यापासून मिळेपर्यंत घराची धडगत नसे. वरणात दोनदा मीठ पडे, विहिरीवर ती पोहऱ्याशिवाय जाऊन परत येई. "एवढा विश्वास आहे ना तुझा, मग बस की स्वस्थ," म्हटलं तर खेकसायची, "विश्वास हाय म्हणूनच जीव खालीवर व्हायलाय. येणारच नसता तर झोपले नसते का निवांत?"

आत्याचे यजमान, आमचे मामा, परभणीला तहसिलीत कारकून होते. निजामी गेली तसं कचेरीतलं उर्दू गेलं, मामांच्या तोंडातलं काही गेलं नाही. "मंजूर झाली का दरखास्त?" ते जेवताना विचारायचे. "वरच्या कचेरीत मुदत न्हाई लिहून देत," आत्या म्हणायची आणि तेवढ्यात भाकरी करपायची. दर वेळी बाळ पाळण्यात घातल्यावर का होईना, शब्द यायचे. तिला घाम फुटलेला असायचा आणि गाणं मात्र गोड.

माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे आत्याचं घर हेच माझं माहेर. मामांची कचेरी मराठी शिकत होती, त्याच दिवसांत माझी कुसुम तिथे जन्मली. हा पाळणा सगळ्यांत सरस होणार, असं गावाला वाटत होतं. मलाही. बारशाला बोरीहून सासूबाई आल्या. बाळ पाळण्यात घातलं, बाया गप्प झाल्या. आत्या खांबाशी उभी. टकटक, पुन्हा टकटक. शब्द आले नाहीत. शेवटी बायांनी नेहमीचा रामाचा पाळणा म्हटला. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं.

मी आत्याला न्हाणीपाशी गाठलं. "जुना एखादा म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"उसनं देऊ का तुझ्या लेकीला?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मला त्याचं काय! मी तणतणत बोरीला निघून गेले. सणावाराला बोलावणी आली, मी गेले नाही. ती जुना पाळणा म्हणू शकली असती, असं मला अजूनही वाटतं.

मग मामांचा निरोप आला, आत्यानं अंथरूण धरलंय. धावत गेले. दुपारचीसुद्धा कधी आडवी न होणारी बाई ओसरीत पडून होती. ते बघवेना. पांघरुणाखाली पाय तेवढे हलत होते. कुसुम तोवर पळायला लागली होती. ती मजेत खांबाभोवती गरगर फिरायला लागली. आत्या बघत राहिली, आणि एकाएकी बारीक आवाजात म्हणू लागली:

पाळणा लहान झाला गं, बाळ अंगणी धावतं
उशिरा आलं गाणं गं, तिच्या मागं मागं जातं

"आलं बघ," ती म्हणाली. "लय उशीर केला मेल्यानं."

मी तिच्या कुशीत तोंड खुपसून रडले. जरा वेळानं विचारलं, "पुढचं?"

"शेवटचं कडवं ऱ्हायलंय. येईल की. तो खांबातच होता, वेळ झाली तवाच निघाला."

ते कडवं यायच्या आत आत्या गेली.

मला उभ्या जन्मात एक ओळ रचता आली नाही. पण त्या कडव्याची वाट बघायचं काम माझ्याकडे आलं ते आलंच. कुसुमला आता नात आहे. ती यायची असली की मी स्वयंपाकघर ते दार अशा चकरा मारत राहते. "बसा हो जरा," सून म्हणते. बसवत नाही. या घराला ओसरी नाही, खांब नाही. मी दाराच्या चौकटीवर बोटं वाजवते आणि कान देऊन उभी राहते.