भाऊजींचं विमान आणि माझा बयाणा

अक्षर माझं वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीत सुटले ते सुटलेच. माफी असावी. वाचणारी बहुधा मीच असेन, तरी मागून ठेवते.

काशीगावात एका घरी हळदीला हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली, तेव्हापासून भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची, झोप उडाली. जमीन बिल्डरला दिल्यापासून ते कुणापेक्षा कमी नसतात. मुलाच्या हळदीला स्वतःचं विमान हवं. दोन सीटचं, जुनं, स्वस्तातलं. त्यांचे पैसे फ्लॅटमध्ये अडकलेले, म्हणून बयाण्याला माझे घेतले. माहेरच्या जमिनीचा हिस्सा होता तो. माझ्या नावावर तेवढंच होतं.

"वयनी, पहिली फेरी तुमची."

मला नाही म्हणता येत नाही. मी चहा ठेवला.

इंजिन बघायला काशीमीऱ्याचा ट्रकचा मिस्त्री नेला. पैसे माझे, म्हणून गाडीत मागच्या सीटवर मीही. विमान शेडमध्ये नवा रंग लावून उभं होतं. भाऊजींनी म्हशीला मारावी तशी त्याला थाप मारली. मिस्त्रीने इंजिन चालू करायला लावलं, धूर हुंगला. "आवाज क्लीन हाय."

"अ‍ॅव्हरेज कितना देता है?" भाऊजींनी विचारलं.

विकणारा गोड हसला. "साहब, बारह साल में चला ही नहीं. नया समझो."

झालं. भाऊजींनी तिथंच बयाणा दिला आणि नारळ फोडला.

ठरवलेला पायलट मात्र अडून बसला. इंजिनिअरने तपासल्याशिवाय आत बसणार नाही म्हणाला. "भित्रा हाय," भाऊजी म्हणाले. बसायचं त्याला होतं. भाऊजी खालून फोटो काढणार होते.

इंजिनिअरने तेलाचा फिल्टर कापला. आत साडीवर असते तशी चमकी. सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घातला, तर गंज.

"पण ते चाललंच न्हाय ना!" भाऊजी म्हणाले.

"म्हणूनच. उभं राहून आतून गंजलंय. चमकी म्हणजे आतला लोखंडाचा कीस."

"कीस आमच्या ट्रकलापण निघतो," मिस्त्री म्हणाला.

"ट्रक बंद पडला तर टोइंगवाला येतो. वर कोण येणार?"

मी हळूच विचारलं, "बयाणा परत मिळेल ना?" सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू फिल्टर मीच खराब केला होता.

विकणाऱ्याने अर्धा परत दिला. ते पैसे डीजेवर गेले. हळदीच्या पंगतीत भाऊजी पाहुण्यांना सांगत होते, "विमान बघितलं, पण इंजिनात दम न्हवता. आपल्याला कळतं त्यातलं."

मी भात वाढत होते. कुठून धीर आला, कुणास ठाऊक. "भाऊजी, माझे पैसे?"

"देतो की वयनी! पळून चाललोय काय?"

"पळणार कशात? विमान तर घेतलंच नाही."

पंगत हसली. भाऊजींचा घास तोंडातच राहिला.

पुढच्या महिन्यापासून पैसे यायला लागले, थोडे थोडे, तोंड वाकडं करून. शेवटचे दिले तेव्हा मी त्यांच्यासमोरच मोजायला बसले.

"विश्वास न्हाय काय?"

"आहे ना," म्हटलं, आणि मोजत राहिले. पूर्ण होते.