खंडेनवमीला पूजेत ठेवलेली हार्डडिस्क
झेंडूचा वास आला की मला शिरोलीतली ती फाउंड्री आठवते. आम्ही तिथे माहितीपट करत होतो आणि रोजचं चित्रीकरण कॅमेऱ्याच्या कार्डवरून हार्डडिस्कवर उतरवणं माझं काम होतं. त्या सकाळी एका कामगाराने वितळलेल्या लोखंडाने हात कसा भाजला ते कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. मी दुसरी प्रत करायला बसले, तोच सुपरवायझर आले. “खंडेनवमी हाय. तुमची बी हत्यारं पूजेला ठिवा की.” थंड भट्टीपुढे पान्या-हातोड्यांशेजारी त्यांनी डिस्क मांडली, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहिली आणि उद्यापर्यंत उचलायची न्हाय म्हणाले. आमची मंडळी हसली. मग त्यांनी हळूच विचारलं, “आन् ते बारकं कार्ड?” सकाळचं बोलणं असलेलं कार्ड माझ्या मुठीत होतं. “ते रिकामं आहे,” मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी डिस्क परत मिळाली. सगळं जागेवर होतं, पण मी डिस्कभोवती घट्ट गुंडाळलेली केबल सुटी होती. त्या कामगाराला बाजूला घेऊन मी सांगितलं, तुमचं बोलणं कुणीतरी पाहिलं असावं, म्हणाल तर पुसते. तो म्हणाला, “बगितलं आसंल तर आता आजिबात पुसू नगा, ताई.” ते बोलणं आज तीन ठिकाणी ठेवलेलं आहे. कुठे, ते मी कुणालाच सांगत नाही.