मी राष्ट्राध्यक्ष झाले तर

अमेरिकेचा इतिहास शिकवायला मी दुबईला आले नव्हते. तिथल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेच्या लायब्ररीत मी पुस्तकांवर शिक्के मारायचे. सातवीची इतिहासाची बाई, खुद्द अमेरिकन, बाळंतपणाला मायदेशी गेली आणि प्रिन्सिपल मॅडमना एकदम आठवलं की मी रत्नागिरीच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झालेय. "ओन्ली वन टर्म, प्लीज," त्या म्हणाल्या. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, हा जुना रोग. शिवाय त्याच वर्गात माझी मुलगी होती. तिच्यासमोर जरा मिरवायची हौस होतीच, खोटं कशाला बोलू!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही बर दुबईत, देवळाच्या गल्लीमागे राहायचो. नवरा रास अल खोरला स्पेअर पार्ट्सच्या गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर. मुलीचा आणि माझा व्हिसा त्याच्या व्हिसावर, आणि त्याचा कंपनीच्या मर्जीवर. दर तीन वर्षांनी व्हिसासाठी त्याची रक्ततपासणी व्हायची आणि पासपोर्टवर नवा शिक्का बसेपर्यंत आमच्या घरात कोणी धड जेवायचं नाही. खालच्या मजल्यावरचं एक कुटुंब एका आठवड्यात सामान विकून गावी गेलं होतं. का गेलं ते कुणी विचारलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये असले प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती.

तर ते सातवीचं इतिहासाचं पुस्तक. नवं राष्ट्र, त्याची पहिली वीस-पंचवीस वर्षं. लढाई जिंकलेला सेनापती पहिला राष्ट्राध्यक्ष होतो, आठ वर्षं राज्य करतो आणि चक्क उठून आपल्या शेतीवर परत जातो. हे शिकवताना मला इतकं स्फुरण चढलं की काय सांगू! मग दुसरा येतो. त्याच्या काळात लढाईची भीती पसरते आणि कायदा होतो की राष्ट्राध्यक्षाला जो परदेशी माणूस धोक्याचा वाटेल त्याला कोर्टकचेरी न करता देशाबाहेर काढता येईल. सरकारविरुद्ध लिहिणाऱ्याला तुरुंग. हा भाग मी भराभर उरकला. मागच्या बाकावरून माझ्या मुलीने हात वर केला.

"बट मिस, धोक्याचा आहे हे ठरवणार कोण?" तिने इंग्रजीत विचारलं. वर्गात ती मला मिस म्हणायची.

"तोच," मी म्हटलं आणि पान उलटलं.

इथवर ठीक होतं. पण गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीसाठी होमवर्क द्यायचं होतं आणि तिथे माझ्यातली मराठी शाळा जागी झाली. आपल्याकडे 'मी पंतप्रधान झालो तर' हा निबंध लिहिल्याशिवाय कोण मोठं झालंय? मीही तीनदा लिहिला होता, तिन्ही वेळा गरिबी हटवली होती. मी फळ्यावर इंग्रजीत ठोकून दिलं: मी राष्ट्राध्यक्ष झालो तर. दोन पानं. शनिवारी आणायचं. कुठल्या देशाचा, ते सांगायचं मला सुचलंच नाही.

सोमवारी प्रिन्सिपल मॅडम लायब्ररीत आल्या. उद्या शिक्षण खात्याचे तपासनीस येणार, इतिहासाच्या वह्या बघणार. "सगळ्या चेक करून ठेवा हं." मी वह्या पिशव्यांत कोंबून टॅक्सीने घरी आणल्या.

जेवणाच्या टेबलावर एकेक तपासत गेले. कुणी रोज दोनदा फुटबॉल ठेवला होता, कुणी शाळाच बंद केली होती. मला हसू येत होतं. मग मुलीची वही उघडली.

तिने लिहिलं होतं की ती इथली राष्ट्राध्यक्ष होईल. इथली! जिथे शेखांचं राज्य, तिथली. पहिला कायदा करील, की जे मूल जिथे जन्मलं तिथून त्याला कुणी काढायचं नाही. मी दुबईत जन्मले, पण माझ्या बाबांचं रक्त दर तीन वर्षांनी तपासतात. आणि शेवटी, मोठ्या टपोऱ्या अक्षरात: जो राज्य करतो त्याने आठ वर्षांनी घरी जावं आणि बाकीच्यांना राहू द्यावं.

नवरा शेजारी चहा पीत होता. त्याला वही दाखवली. त्याने दोनदा वाचली, उठला आणि आधी खिडकी लावली.

"तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?" तो कुजबुजला. आमच्याच घरात!

"अरे, लहान आहे ती."

"ती लहान आहे, पण आपण मोठे आहोत ना? उद्या कंपनीने यल्ला खलास, निघा म्हटलं, तर चंबूगबाळं आवरून जायचं कुठे?"

मी सुरीने वहीच्या पिना उचकटल्या, मधला जोडकागद अलगद काढला आणि पिना परत दाबल्या. फाडल्याची खूणसुद्धा राहिली नाही. कागदाचे चार तुकडे केले, पण कचऱ्यात टाकायचा धीर होईना. कुणी जोडून वाचले तर? शेवटी गॅसवर धरले. बोट भाजलं. वळून बघते तर मुलगी स्वयंपाकघराच्या दारात.

"दॅट्स माइन," ती म्हणाली.

मी तिला जवळ घेऊन समजवायला हवं होतं. मी खेकसले, "गप्प बस! कुणाला एक अक्षर बोललीस तर बघ."

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. वयस्कर, शांत, अंगात पांढरी शुभ्र, पायघोळ अरबी कंदुरा. वर्गात फिरून वह्या चाळत होते, दोन निबंध वाचून मोठ्याने हसलेही. माझी पाचावर धारण बसली होती. माझ्या मुलीपाशी थांबले, पुढची-मागची पानं उलटली.

"तुझा निबंध कुठे आहे, बेटी?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मी लिहिला नाही, सर. विसरले."

ते माझ्याकडे वळून हसले. माझ्या नातीचंही असंच आहे, म्हणाले. मग प्रिन्सिपल मॅडमनी माझ्या कानात सांगितलं की ती तुमची मुलगी हे तपासनीसांना माहीत आहे, तेव्हा रजिस्टरमध्ये शून्य लिहून टाका, बरं दिसेल. मी लाल पेनाने शून्य लिहिलं. होमवर्क न केल्याचं ते तिचं पहिलं शून्य. माझी मान वर होत नव्हती आणि आतून सुटल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही खरं.

पुढच्या तासाला तिसरा राष्ट्राध्यक्ष आला. त्याने लिहिण्यापायी तुरुंगात गेलेल्यांना माफी दिली. मी विचारलं, कुणाला काही शंका? एरवी सगळ्यात आधी वर जाणारा हात बाकावरच राहिला.

शाळेच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. खाडी दिसायला लागली तेव्हा तिने हळूच माझी बाही ओढली.

"आई, आय सेड इट राइट, ना?"

"हो," मी म्हटलं. "शाबास."