आईंचे डोळे आणि भाऊजींचं लग्न

आमच्या पिंपळीच्या पोथीमंडळात मी सासूबाईंचा एखादा किस्सा काढला की बायका आधी पोथी मिटतात. उपासाला हसलेलं चालतं, असं कुठंतरी लिहिलेलं असणारच! आणि घरात रंगपारखी सासू नि बिनलग्नाचा धाकटा दीर असल्यावर किस्से काही विकत आणावे लागत नाहीत. संतोषभाऊजींचं जमावं म्हणून मी सोळा सोमवार धरले. शंकरानं आशीर्वाद दिला, पण आईंना विचारायचं राहून गेलं बहुतेक!

*

नवरात्रात निळ्या रंगाचा दिवस. आम्ही सगळ्या निळ्या साड्या नेसून देवळात. आईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"आज निळा सांगितलाय न्हवं? मग समद्या हिरव्या कशापायी आलायसा?"

रंगाच्या बाबतीत आईंचा निकाल म्हणजे सुप्रीम कोर्ट! शेजारच्या सुमनकाकू तर घरी जाऊन साडी बदलून आल्या. दुसरी निळीच.

"आता कसं!" आई म्हणाल्या.

*

मुली बघताना तेच. कुठलीही मुलगी दाखवा, बाहेर पडता पडता आई म्हणणार, "रंगानं दबलीया जरा. आपला संतू बघ, दुधासारका!"

संतोषभाऊजी दिवसभर उन्हात उसाला पाणी धरतात. दूध ते डेअरीला घालतात, अंगावर त्यातलं काही आलेलं नाही. इकडं शेतकरी मुलाला मुलगी मिळायची मारामार, आणि आमच्याकडं नापसंतीची चैन!

शेवटी स्थळं आणणारे तात्या आईंपुढं हात जोडून म्हणाले, "वैनी, बारामती तालुका संपला. आता इंदापूर काढू का?"

*

तालुका संपला म्हणता म्हणता सांगवीचं एक स्थळ निघालं. भाऊजींचा पांढरा शर्ट आईंनी स्वतः धुतला. त्यांना तो पिवळा दिसला, म्हणून नीळ घातली. तरी पिवळाच, म्हणून अजून घातली. मग मनाचं समाधान होईस्तोवर घातली.

भाऊजी अंधारात शर्ट घालून निघाले. उजाडलं सांगवीत!

मुलीची आत्या पोहे ठेवता ठेवता म्हणाली, "अगं बाई, किसनद्येव आलं की!"

नकार आम्ही घरी पोचायच्या आधी आला. भाऊजी त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी एवढंच म्हणाले, "वहिनी, आईचे डोळे दाखवा, न्हायतर तुमचे सोमवार बंद करा."

*

बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यातली काच चहाच्या गाळणीसारखी पिवळी पडलीय. निळा उजेड आत शिरतच नाही, आणि एकूण उजेडही कमी. हे इतकं हळूहळू होतं, की माणसाला आपलं काही बिघडलंय असं वाटतच नाही.

मी हळूच विचारलं, "मग स्वतःचा मुलगा तेवढा गोरा कसा दिसतो?"

"रोजच्या माणसाकडं आपण नीट बघतो कुठं? बरंचसं मेंदू आठवणीतून भरतो."

आई लगेच म्हणाल्या, "बाळ असताना लई गोरा व्हता!"

*

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. तपासणीला गेलो, तर आई एकेक डोळा झाकून माझ्या पदराकडं बघत बसल्या. "ह्या डोळ्यानं निळा, त्या डोळ्यानं हिरवा. डाक्टर, खरा कंचा?"

डॉक्टर रंगात आले. "आजी, रंग साडीत नसतोच. उजेड डोळ्यात शिरतो, रंग मेंदू तयार करतो."

"व्हय?" आई म्हणाल्या. "मग साडीवाल्याला पैसं कशाचं देतो आमी?"

*

दुसराही डोळा झाला. काळा चष्मा उतरला, आणि आम्ही अंथुर्ण्याला मुलगी बघायला गेलो. भाऊजी उजाडायच्या आत शेतावर जाणार, दिवे लागल्यावर येणार, त्यामुळं मायलेकांची उन्हात गाठ अशी पडलीच नव्हती. त्या दिवशीही ते शेतावरून परस्पर आले, आणि इथं बैठक होती अंगणात, भर दुपारी.

मुलगी आली. शांत, हसरी. भाऊजींच्या कपाळावर घाम. मी पदराआड शंकराचा जप लावला.

आईंनी मुलीला निरखून बघितलं. दबलीया म्हणाल्या नाहीत. मग सहज शेजारी बसलेल्या लेकाकडं मान वळवली. बघतच राहिल्या. पोह्याचा घास हातातच.

मग माझ्या कानाशी लागून विचारलं, "सूनबाई, पोरीच्या आईचं मोतीबिंदूचं आपरेशन झालंय का गं?"

"नाही बहुतेक."

"मग आजच सुपारी फोडू!"