बाराही नर पाहिजेत

वर्ध्याच्या एका सोनोग्राफी सेंटरात मी नंबर पुकारतो, फॉर्म भरतो आणि पोटावर लावायच्या त्या थंडगार जेलच्या बाटल्या भरून ठेवतो. ‘मुलगा की मुलगी, ते आम्ही सांगत नाही,’ हे वाक्य दिवसातून इतक्यांदा म्हणतो की एकदा किराणावाल्यानं ‘काय देऊ?’ विचारलं तर तेच तोंडातून निघालं. अशा माणसानं घरात फक्त नर माशांचा टँक मांडावा, याहून मोठा भैताडपणा काय असणार!

सगळा दोष आमच्या पाण्याचा. पुलगावात आमच्या घरची बोअर अशी खारट की तिच्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा शाबूत. थोरलीनं हट्टानं आणलेले सोनेरी मासे त्या पाण्यात चार दिवसांत गेले. तेव्हा मासेवाला म्हणाला, “भाऊ, तुमच्या पाण्यात आफ्रिकन सिक्लिड टाका. त्यांच्या तळ्याचं पाणी असंच जड राह्यते. पण फक्त नर घ्या. मादीले रंग नाई, नुसती मातकट. अन् एक जरी मादी शिरली तं सारे नर एकमेकांचे डोये काढतात.”

“म्हणजे पोट्ट्यांचं होस्टेलच की,” मी म्हटलं आणि बारा नर घेऊन आलो. निळे, पिवळे, शेंदरी. लग्नाच्या मांडवावर लाइटिंग केल्यासारखा टँक दिसू लागला.

खरी खूश झाली ती माझी आई. तिला दोन नाती, नातू नाही. हे दुःख ती पाहुण्याला चहाच्या आधी वाढते. “बाराचे बारा पोट्टे? अन् माह्या घरात?” तिनं खुर्ची टँकसमोर नेली ती परत आणलीच नाही. शेजारणीला बोलावून दाखवलं. शनिवारी तर मीठ-मोहऱ्या घेऊन टँकची दृष्ट काढली.

थोरली म्हणाली, “आजी, आमची कधी काढली का?”

“तुमाले कोन पाहून राह्यलं?” आई म्हणाली.

सगळे हसलो, मीही फिदीफिदी हसलो. धाकटी तेवढी हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, ‘बोलू द्या आजीले, आपल्याले माहीत हाये’ अशा नजरेनं. त्या नजरेला मी बारा वर्षं घाबरतो आहे.

त्याचं असं आहे. धाकटी पोटात होती तेव्हा आई म्हणाली होती, “मशीन तं तुह्याच हाताखाली हाये, पाहून घे ना बाप्पा.” मी भर जेवणात ताट सरकवून म्हटलं होतं की पुन्हा हा विषय काढला तर घर सोडीन. ही गोष्ट आमच्या घरात सणासुदीला सांगितली जाते. धाकटीनं ‘माझे बाबा’ या निबंधात ती लिहिली, बाईंनी वर्गात वाचून दाखवली, आणि मी त्या बाईंसमोर मान खाली घालून नम्र वगैरे झालो.

गोष्ट खरीच आहे, फक्त अर्धी. त्यानंतर आठवड्यानं बायको आमच्याच सेंटरात टेबलावर होती. मी वाकून आमच्या डॉक्टर मॅडमच्या कानाशी पुटपुटलो, “मॅडम, जरा सांगा ना...” मॅडम स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, “बाहेर हो. पुन्हा विचारलंस तर उद्यापासून कामावर येऊ नकोस.” बायकोला वाटलं मला कोणी हाक मारली. हे मी कोणालाही सांगितलं नाही. धाकटीला कळलं तर ती माझ्याकडे तशी पाहणार नाही, एवढीच भीती.

तर मासे. महिनाभरानं एक निळा फिका पडायला लागला. मग मातकट झाला. मग त्यानं खाणं सोडलं आणि त्याचा गळा फुगला. बाकीचे त्याच्यामागे लागले, आपापसातही भिडले. एका पिवळ्याचा डोळा गेला.

“माह्या पोट्ट्याले गालगुंड झालं!” आई म्हणाली आणि हळदीचा डबा घेऊन आली. आणि मी, सोळा वर्षं दवाखान्यात काढलेला माणूस, चिमूटभर हळद टाकू दिली. पाणी कढीसारखं झालं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, धाकटी काचेला नाक लावून बसली होती. “बाबा, तिच्या तोंडात डोये हायेत,” ती म्हणाली. “लहान लहान. लय सारे.” या जातीची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, हे मासेवाल्यानं सांगितलंच नव्हतं.

मी जाळीनं मासा धरला, ओल्या तळहातावर उताणा केला, टॉर्च आणि भिंग लावलं. पोटाखाली दोन छिद्रं असतात. नराची सारखी, मादीचं मागचं मोठं. मागचं मोठं होतं. सोळा वर्षांतलं माझं पहिलं निदान मी मोठ्यानं जाहीर केलं, “मुलगी आहे!”

“काढ तिले,” आई म्हणाली. “माह्या पोट्ट्यायचा जीव घेईन ते.”

मासेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, माल पाठवणारे लोक औषध खाऊ घालून मादीलाही रंग आणतात, आपण तरी काय करणार? “आणून द्या भाऊ, बदल्यात नर घेऊन जा.” मी पिशवीत पाणी भरलं, तिला टाकलं, गाठ मारली आणि चपला घातल्या.

धाकटी दारात उभी होती. “तो मासेवाला तिचं काय करन?”

“मला काय माहीत? सरक.”

“बाबा, माह्या वक्ताले तं तुमी नाई म्हटलं होतं. मंग हिच्या वक्ताले काऊन?”

मी रागावून काहीतरी बोलणार होतो. मासा आणि माणूस एक असतो का, असंच काही. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“मी नाई म्हटलं नव्हतं,” मी म्हणालो. “आजीले तेवढं म्हटलं. पण मॅडमले मी विचारलं होतं. त्यायनं सांगितलं नाही.”

स्वयंपाकघरातून बायको कणकेच्या हातानं बाहेर आली. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. आईनं टँकसमोरची खुर्ची आमच्याकडे फिरवली.

धाकटीनं पिशवीतल्या माशाकडे पाहिलं. रडली नाही. मग म्हणाली, “अन् सांगतलं असतं तं?”

“मले नाई माहीत, बेटा.”

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आपल्या आईजवळ जाऊन उभी राहिली.