गोळी तिरकी बसू लागली तेव्हा

अमेरिकेत रेडमंडमध्ये आमच्या शेजारी नागपूरचे एक काका एकटेच राहत. विमानांचे सुटे भाग तपासण्यात त्यांची हयात गेली होती. काकू गेल्यापासून दर शनिवारी रेंजवर जाऊन रायफलने नेम साधायचा, एवढाच त्यांचा विरंगुळा. काडतुसंही ते गराजमध्ये स्वतःच भरत. मी सोबत म्हणून जाऊन बसायचो.

एका हिवाळ्यात त्यांचे नेम चुकायला लागले.

"गोळी केसमध्ये तिरकी बसतेय," ते म्हणाले. केस म्हणजे काडतुसाची पितळी नळी; तिच्या तोंडात गोळी दाबून बसवतात.

काडतूस दोन टेकूंवर आडवं ठेवून बोटाने सावकाश फिरवायचं. गोळीला टेकलेली डायल गेजची सुई जितकी हलेल तितका तिरकेपणा. पूर्वी ती दोन हजारांश इंचाच्या पुढे जात नसे. आता सहा-सात दाखवत होती.

आम्ही एकेक टप्पा तपासला. रिकाम्या पितळी केसेस सरळ होत्या, म्हणजे चूक गोळी बसवतानाच होत होती. काकांनी त्यासाठीची डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसणारा साचा, उघडून साफ केली, मग नवीनच मागवली. सुई तशीच.

"काका, दहा मी बसवून बघू?" मी सहज विचारलं.

"बघ."

केसच्या तोंडावर गोळी सरळ धरायची आणि प्रेसचा दांडा खाली ओढायचा, एवढंच काम. माझी दहाही काडतुसं काकांनी स्वतः मोजली. सुई जेमतेम हलली. मग त्यांनी एक गोळी उचलली, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या बोटांकडे नीट पाहिलं. ती थरथरत होती.

काकांनी गोळी परत डब्यात ठेवली. "मशीनला उगाच दोष देत होतो रे," ते म्हणाले.

डॉक्टरकडे मीच ड्राइव्ह करून नेलं. पार्किन्सन्स निघाला. "गोळ्या मी बसवतो, तुम्ही फक्त मोजा," असं मी सुचवलं, आणि काही शनिवार तसं चाललंही. पुढे काडतूस फिरवणंही त्यांना जमेना. उन्हाळ्यात त्यांची मुलगी येऊन त्यांना आपल्या घरी, पार्सिपनीला, घेऊन गेली. फोनवर ते इकडच्या पावसाची चौकशी करतात. रायफलचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही.

आज ना उद्या कळलंच असतं, हे मला समजतं. पण मी त्या दिवशी गप्प बसलो असतो, तर काकांनी आणखी एखादी डाय मागवली असती आणि तिची वाट बघण्यात त्यांचे दोन-तीन शनिवार तरी आशेत गेले असते.